क्लेओ ५ ते ७ : तो उरलेला अर्धा तास कुठे गेला?

रानजाई

काल रात्री 'क्लेओ ५ ते ७' तिसऱ्यांदा बघितला. आन्येस वार्दाचा १९६२ सालचा फ्रेंच चित्रपट. दर वेळी एकाच प्रश्नाशी अडते, म्हणून हा धागा काढतेय. शेवटाबद्दलही बोलणार आहे, तेव्हा ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा.

गोष्ट अगदी एवढीशी आहे. क्लेओ ही पॅरिसमधली तरुण गायिका. नुकतं कुठे नाव व्हायला लागलंय, दिसायला देखणी, आणि आपण देखण्या आहोत याची तिला क्षणोक्षणी आठवण. तिची एक तपासणी झालीय. कॅन्सर आहे की नाही ते संध्याकाळी कळणार. तोवरची दीड तासाची तगमग म्हणजे हा चित्रपट. घड्याळ तिच्याबरोबर चालतं. तेरा तुकडे आहेत आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला नाव आणि वेळ येते: क्लेओ, ५:०५ ते ५:०८, आंजेल, ५:०८ ते ५:१३. दोन मिनिटांच्या टॅक्सी प्रवासाला पडद्यावरही दोन मिनिटं लागतात.

सुरुवातीला ती पत्ते बघणाऱ्या बाईकडे जाते. पत्ते तेवढे रंगीत दिसतात, माणसं काळीपांढरी, आणि पुढचा सगळा चित्रपट काळापांढरा. पत्त्यांत मरण निघतं. बाई सांभाळून घेते, पण क्लेओ बाहेर पडल्यावर आतल्या खोलीतल्या माणसाला सांगते की हिचं काही खरं नाही. मग क्लेओ जिना उतरते, आरशात बघते आणि स्वतःची समजूत घालते, की जोवर मी सुंदर आहे तोवर मी जिवंत आहे. मग दुकानात जाऊन टोपी घेते. भर जूनमध्ये फरची काळी टोपी.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा टोपीचा प्रसंग मला उगाच लांबवलेला वाटला होता. मध्ये चार वर्षं गेली. मला गाठ लागली, तुकडा तपासायला पाठवला, निकालाला पाच दिवस लागतील म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी उठून बाजारात गेले आणि इरकल साडी घेऊन आले. घरात कुणाचं लग्न नाही, कार्य नाही. दुकानदाराने पंधरा साड्या उलगडल्या, मी प्रत्येकीचा पदर खांद्यावर टाकून आरशात बघत होते. निकाल चांगला आला. गाठ साधी होती. नंतर चित्रपट दुसऱ्यांदा लावला आणि क्लेओ एकामागून एक टोप्या डोक्यावर चढवून बघायला लागली, तेव्हा मला तो तिथेच थांबवावा लागला.

आता प्रश्न. शेवटी ती एका सैनिकाबरोबर, आंत्वानबरोबर, हॉस्पिटलमध्ये जाते. डॉक्टर आवारात गाडीत बसलेले भेटतात. दोन महिने किरणोपचार घ्यावे लागतील, बऱ्या व्हाल, असं गाडीतूनच सांगतात आणि निघून जातात. दोघं चालत राहतात. क्लेओ म्हणते की मला आता भीती नाही वाटत, मी सुखात आहे असं वाटतंय. संपला. तेव्हा वाजलेत साडेसहा. नाव मात्र ५ ते ७!

तर दोन गोष्टी. एक, तो अर्धा तास कुठे गेला? दोन, तिची भीती डॉक्टरांच्या शब्दाने गेली, की त्याआधीच गेली होती? मला वाटतं हे दोन्ही मिळून एकच प्रश्न आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

सदू_चिंचवडकर

इथेच थांबा वाचून थांबलो. शनिवारी बघतो आणि परत येतो.

---

मध्यरात्र

मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पंचवीस मिनिटांत सोडला. स्पष्ट लिहितो, राग नसावा. दिमतीला बाई आहे, पलंगावर मांजराची पिल्लं खेळतायत, श्रीमंत प्रियकर दोन मिनिटं येऊन गोड बोलून जातो, आणि ही सारखी आरशात बघत कुरकुरतेय. ज्याच्या घरात खरंच दुखणं आहे त्याला ही क्लेओ जवळची कशी वाटावी? दुखणाईत माणसाला औषधाच्या बिलाची चिंता असते, टोपीची नसते.

---

रानजाई

मध्यरात्र, राग कसला. पण तुम्ही सोडलात ते नेमकं वळणाच्या तोंडाशी. ५:३८ला ती एक गाणं म्हणते. तिथवर तरी बघा अशी विनंती.

---

पेटीवाला

त्या गाण्याबद्दल मी बोलतो. मिशेल लग्राँचं संगीत आहे आणि पडद्यावर पियानोवर बसलेला बॉब म्हणजे स्वतः लग्राँच. शब्द वार्दाचे. 'साँ त्वा', म्हणजे तुझ्याविना. आधी सगळा पोरखेळ चाललेला असतो. बॉब आणि त्याचा जोडीदार डॉक्टरांची सोंगं घेऊन येतात, चालींचे तुकडे वाजवून बघतात, हसतखिदळत असतात. मग बॉब ही चाल धरतो. कॅमेरा फिरत फिरत क्लेओच्या चेहऱ्याजवळ येतो, मागे नुसता काळा पडदा उरतो. खोलीत एकटा पियानो आहे, तरी कुठून तरी व्हायोलिनं भरून येतात. ती गाते ते सरळ आपल्याकडे बघत. गाण्यात एकटं पडलेलं शरीर आहे, रिकामं घर आहे, आणि गाता गाता तिला उमगतं की हे आपल्याबद्दलच आहे. डोळ्यांतून पाणी येतं.

मी तीस वर्षं पेटीची साथ करतोय. गाणारा आधी नुसत्या जागा घेत असतो, आणि एखाद्या दिवशी बंदिशीतला शब्द त्याला अचानक लागतो. साथीदाराला ते कळतं, कारण त्याचा श्वास बदलतो. तसा श्वास बदललेला मी पडद्यावर इथे पाहिला.

गाणं संपताच ती चिडते, केसांचा टोप ओढून काढते, काळा पोशाख चढवते, तीच टोपी घालते आणि एकटी बाहेर पडते. इतका वेळ तिला सगळे बघत होते, आता ती बघायला लागते.

---

पारिजात_पॅरिस

रानजाई, धागा बघून राहवलं नाही. नावाबद्दल आधी. फ्रेंचमध्ये 'सँक आ सेत', म्हणजे पाच ते सात, याला एक जुना अर्थ आहे. कचेरी सुटल्यावर आणि घरी पोचायच्या आत चोरून भेटायची प्रेमिकांची वेळ. १९६२च्या प्रेक्षकाने नाव वाचून प्रेमप्रकरणाचीच अपेक्षा केली असणार. त्या वेळेत क्लेओला भेटायला येतं ते मरण.

गेल्या जूनमध्ये मी तिचा रस्ता चालून पाहिला. रिवोली रस्त्यावरून नदी ओलांडून मोंपार्नास, तिथलं दोम कॅफे, मग दक्षिणेला मोंसूरी बाग, तिथून पूर्वेकडे साल्पेत्रियेर हॉस्पिटल. दुकानं बदललीत, पण अंतरं तीच आहेत आणि वेळ खरंच जुळते. जूनमध्ये इथे संध्याकाळी साडेसहाला दुपारसारखं ऊन असतं. आंत्वान तिला सांगतो ना, की आज वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आहे? बागेत बसले आणि ते वाक्य वेगळंच ऐकू आलं. तिला वाटतंय वेळ संपत आली, आणि वर सूर्य अजून तासन्‌तास मावळणार नाही.

साल्पेत्रियेर म्हणजे सोऱ्याची जागा. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा तिथे साठवत, त्यावरून हे नाव पडलं. आवार प्रचंड आहे. आत झाडांखाली बाकं आहेत आणि बाकांवर वाट बघणारी माणसं.

शेवटच्या वाक्याबद्दल एक. मूळ फ्रेंचमध्ये ती दोन्ही वाक्यांची सुरुवात 'मला असं वाटतंय की' अशी करते. भीती गेली असं ती ठामपणे सांगत नाही, स्वतःला चाचपून बघतेय.

---

खारूताई

मांजराची पिल्लं!! मी त्यांच्यासाठीच शेवटपर्यंत बघितला. झोपाळा, पलंग, पियानो आणि मध्येच लुडबुडणारी पिल्लं. घर असावं तर असं.

अवांतर: क्लेओच्या दिमतीची ती आंजेल म्हणजे थेट आमची कुमुदमावशी. मंगळवारी नवी वस्तू घालायची नाही, अमुक नंबरच्या टॅक्सीत बसायचं नाही. म्हणून टोपीसुद्धा क्लेओ घालून येत नाही, मागाहून घरी पोचवतात. आमच्याकडे शनिवारी तेल आणायचं नाही, लोखंड आणायचं नाही. माझी दहावीची कंपासपेटी शनिवारी आणली म्हणून दारातून परत पाठवली होती.

---

सांजवात

@खारूताई, आमच्याकडे अमावस्येला गाडी घेत नाहीत आणि दसऱ्याला शोरूममध्ये रांग. :)

पण वार्दा या समजुतींना हसत नाही, हे मला फार आवडतं. दुकानातले आफ्रिकी मुखवटे, रस्त्यात बेडूक गिळणारा माणूस, पर्समधून पडून फुटलेला आरसा. घाबरलेल्याला सगळं आपल्यालाच सांगितल्यासारखं वाटतं. पुढे एका कॅफेच्या काचेला गोळीचं भोक पडलेलं असतं, कुणाचा तरी खून झालेला असतो. क्लेओला वाटतं हाही आपल्यासाठीच अपशकुन. तिची मैत्रीण दोरोते तिला म्हणते की तो अपशकुन त्या मेलेल्या माणसासाठी होता. मी इथे चित्रपट मागे नेऊन पुन्हा बघितला. सगळ्या जगात आपण एकटेच मरणार आहोत असं वाटत असताना कुणीतरी सांगतं, की आत्ता या क्षणी दुसरंच कुणीतरी गेलंय.

---

डॉ_कृष्णाकाठ

मी मिरजेला कॅन्सरच्या रुग्णांवर उपचार करतो. हा चित्रपट विद्यार्थी असताना पुण्याला एका फिल्म सोसायटीत पाहिला. तेव्हा कॅमेऱ्याचं कौतुक वाटलं होतं. आता बघताना नजर त्या डॉक्टरावर जाते.

तो काळ लक्षात घ्या. चित्रीकरण १९६१च्या उन्हाळ्यातलं. कोबाल्टची किरणोपचार यंत्रं येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. औषधोपचार बाल्यावस्थेत. आणि रुग्णाला निदान सांगायचीच पद्धत नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नव्वद टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. सांगायचं ते नवऱ्याला, भावाला, मुलाला. आपल्याकडे आजही नातेवाईक दाराआड गाठून म्हणतात, "डॉक्टर, आजींना काही बोलू नका."

म्हणून तो गाडीतला डॉक्टर मला संशयास्पद वाटतो. 'बऱ्या व्हाल' हे इतक्या सहज कसं म्हणतो? वागण्यात घाई आहे, नजर रस्त्याकडे. पत्तेवाल्या बाईने तोंडावर एक सांगितलं आणि पाठीमागे दुसरं. मग डॉक्टरही तसंच करत नसेल कशावरून? वार्दाने हे उघडं ठेवलंय. आणि तो धीर खोटा असेल, तर रानजाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. तिची भीती त्याच्या शब्दाने जाऊन उपयोगच नव्हता.

---

हेमांगी_ब

डॉक्टर, तुम्ही शांतपणे लिहिलंत. मला शांतपणे लिहिता येणार नाही.

माझ्या आईचा निकाल आम्हाला लिफ्टमध्ये कळला. डॉक्टर चौथ्या मजल्यावर आत आले, आम्हाला ओळखलं, "हो, पॉझिटिव्ह आहे, उद्या फाईल घेऊन या" म्हणाले आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेले. आईने माझा हात धरला होता. तळमजला येईपर्यंत लिफ्टमध्ये आणखी चार माणसं शिरली. क्लेओचा डॉक्टर गाडी चालू करून निघतो, तिथे माझ्या तोंडून मोठ्याने "थांब ना" निघालं. शेजारी बसलेला मुलगा दचकला.

साठ वर्षांपूर्वी एका बाईने हे नेमकं टिपून ठेवलंय. बातमीपेक्षा बातमी देणाऱ्याची पाठ लक्षात राहते.

---

डॉ_कृष्णाकाठ

हेमांगीताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. असं माझ्याकडूनही कधी झालं असेल. आता मी खुर्ची ओढून बसल्याशिवाय निकाल सांगत नाही. हे शिकायला मला दहा वर्षं लागली.

---

इतिहासवेडा

चर्चा छान चाललीय, पण अर्धा चित्रपट कुणाच्याच लक्षात आलेला दिसत नाही. आंत्वान हा सुट्टीवर आलेला सैनिक आहे आणि त्याच संध्याकाळी अल्जीरियाच्या युद्धावर परत निघालाय.

फ्रान्सपासून स्वातंत्र्यासाठीचं हे युद्ध १९५४ ते १९६२ चाललं. फ्रेंच सरकार त्याला युद्ध म्हणतच नव्हतं, 'घटना' म्हणायचं. अधिकृतपणे 'युद्ध' हा शब्द कायद्याने स्वीकारला १९९९ साली. सक्तीच्या भरतीतली विशीतली पोरं दोन-दोन वर्षांहून जास्त तिथे काढत होती. चित्रपटभर ते मागे वाजत राहतं: टॅक्सीतल्या रेडिओवर अल्जीरियाच्या बातम्या, त्यातच गायिका एदित पियाफच्या शस्त्रक्रियेची बातमी, कॅफेत बसलेल्यांच्या गप्पा. क्लेओ त्यातलं काहीच ऐकत नाही. आणि बागेत तिला भेटतो तो असा माणूस, ज्याच्या मरणाची शक्यता तिच्याइतकीच खरी आहे. तो म्हणतो की उगाचच्या उगाच मरायचं, याचं वाईट वाटतं.

मार्च १९६२मध्ये शस्त्रसंधी झाली. चित्रपट लागला एप्रिलमध्ये. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांना युद्ध संपल्याचं माहीत होतं, आंत्वानला नव्हतं. त्याला मधले नऊ महिने काढायचे होते. रानजाई, तुमचा अर्धा तास मला तिथे सापडतो. साडेसहा ते सात हा वेळ त्याचा आहे. तिला निकाल मिळाला, त्याचा अजून यायचाय.

---

रानजाई

इतिहासवेडा, तीनदा बघूनही मी हे असं पाहिलं नव्हतं. मी क्लेओच्याच डोळ्यांनी बघत राहिले. तिच्यासारखंच मलाही रेडिओ ऐकू आला नाही.

---

मध्यरात्र

बघितला. पूर्ण. रानजाई, गाण्याबद्दल तुम्ही आणि पेटीवाले बरोबर होतात. औषधाच्या बिलाचं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. पाच तारखेच्या आत भाडं भरायचंय अशा दिवशीही माणूस खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा बघतोच.

पण माझी एक हरकत कायम आहे. बाईला शेवटी शहाणपण येतं ते कुणामुळे? बागेत न बोलावता येऊन बडबडणाऱ्या अनोळखी पुरुषामुळे. तिचं खरं नाव फ्लोरान्स म्हणजे इटली आणि चित्रकार बोत्तिचेल्ली, क्लेओपात्रा म्हणजे इजिप्त आणि नाग, हे तिलाच तिच्या नावांचे अर्थ समजावतो. स्त्री दिग्दर्शिकेने असं का करावं?

---

सांजवात

मध्यरात्र, तुम्ही दोरोतेला विसरलात. आंत्वान भेटतो ६:१२ला. त्याआधी क्लेओ एका शिल्पशाळेत जाते, तिथे तिची ही मैत्रीण उघड्या अंगाने मॉडेल म्हणून उभी असते. क्लेओ म्हणते, मला असं उभं राहायची भीती वाटली असती, माझ्यातलं काही उणं दिसलं तर. दोरोते सांगते की मला माझ्या शरीराचा गर्व नाही, आनंद आहे. ते माझ्याकडे बघतात तेव्हा माझ्यापलीकडचं काहीतरी बघतात, एखादा आकार, एखादी कल्पना. मी जणू तिथे नसतेच.

एक शरीर आरशात अडकलेलं आणि एक निवांत. आजाराचं पहिल्यांदा मोकळेपणी बोलणं होतं ते दोरोतेशीच. नंतर क्लेओ ती टोपी तिला देऊनही टाकते. आंत्वान येतो तोवर जमीन नांगरून झालेली असते. त्याच्या बडबडीने माझ्या मते एकच काम होतं. ती त्याला आपलं खरं नाव सांगते, फ्लोरान्स.

---

मध्यरात्र

टोपी देऊन टाकते हे माझ्या नजरेतून सुटलंच. मान्य. पुन्हा बघावा लागणार.

---

खारूताई

आणि तो छोटा मूकपट कुणीच कसा सांगितला नाही! दोरोतेचा मित्र थिएटरात यंत्र चालवतो, त्याच्या खिडकीतून दोघी बघतात. त्यातला नायक म्हणजे स्वतः दिग्दर्शक गोदार, बरोबर नटी आना कारिना. काळा चष्मा घातला की त्याला सगळं अभद्र दिसतं, प्रेयसी मेलेली दिसते. चष्मा काढला की सगळं ठीक. शेवटी चष्माच नदीत फेकतो. क्लेओ मनापासून हसते ती इथे. मीसुद्धा!

---

पारिजात_पॅरिस

@खारूताई, बरं झालं आठवण केलीत. :)

वार्दाबद्दल थोडं. तिचं बोलावणं आलं मार्च २०१९मध्ये, कॅन्सरने, नव्वदाव्या वर्षी. त्याआधी १९९०मध्ये तिचा नवरा, दिग्दर्शक जाक देमी, गेला. तो आजारी असताना तिने त्याच्या बालपणावर चित्रपट केला आणि त्यात मध्येमध्ये त्याचा आजारी हात, केस, कातडी अगदी जवळून दाखवली. कॅमेरा सावकाश, माया असल्यासारखा, अंगावरून सरकतो. तिशी नुकती ओलांडलेली असताना तिने क्लेओ केली तेव्हा मरण ही कल्पना होती. साठीत ते घरात होतं. पण बघायची रीत तीच: जवळ जाऊन, वेळ देऊन, न घाबरवता.

---

सदू_चिंचवडकर

शनिवारी बघितला, बायको आणि सासूबाईंबरोबर. सासूबाईंना फ्रेंच येत नाही, उपशीर्षकं वाचायला चष्मा नव्हता. त्यांनी नुसते चेहरे बघितले. संपल्यावर म्हणाल्या, "पोरगी सुरुवातीला स्वतःकडेच बघत होती, शेवटी त्या पोराकडे बघायला लागली." मग उठून कुकर लावायला गेल्या. मी अर्धा तास तुमचे प्रतिसाद वाचत बसलो होतो.

---

रानजाई

सदू, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

जुना_नाका

सगळं वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं. वय अडुसष्ट. मला गेल्या नोव्हेंबरात निदान झालं, अन्ननलिकेचा. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं, वीस मिनिटं दिली. माझी काही तक्रार नाही. पण खरं सांगतो, त्या वीस मिनिटांतलं मला आता काहीच आठवत नाही. बायकोने कागदावर लिहून घेतलं म्हणून बरं.

बाहेर पडलो तेव्हा परतीच्या गाडीला वेळ होता. हॉस्पिटलसमोर रसवंती आहे. बायको म्हणाली, रस घेऊ या. मला गिळायला त्रास व्हायचा, पण रस जायचा. चरकाला घुंगरं बांधलेली. पोराने ऊस घातला, घुंगरं वाजायला लागली. ती म्हणाली, आलं घालायला सांगू का? मी म्हटलं, सांग. मग आम्ही बाकावर बसून रस प्यायलो आणि समोरच्या भिंतीवर एक माणूस कोचिंग क्लासची जाहिरात रंगवत होता ते बघत बसलो. 'यश' काढून झालं होतं, 'हमखास'चा ह चालला होता. 'हमखास' पुरा होईपर्यंत बसलो. आजाराबद्दल एक शब्द बोललो नाही. आम्ही मुद्दाम टाळला नव्हता, तो विषयच आला नाही. घुंगरांचा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

घड्याळ बघितलं नाही, पण असेल अर्धा तास.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. भीती गेली म्हणणार नाही. रात्री गाडीत परत आली, चांगलीच आली. पण बाकावर बसलो होतो तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी त्या मुलीसारखंच सांगितलं असतं. पॅरिसच्या ताईंनी लिहिलंय तसं, 'असं वाटतंय' लावून.

---

हेमांगी_ब

काका...

---

डॉ_कृष्णाकाठ

काका, उपचार कुठवर आले? गिळणं कसं आहे?

---

जुना_नाका

किरणोपचार संपले. केमोचे चार झाले, दोन राहिलेत. भाकरी दुधात कुस्करून जाते. गेल्या आठवड्यात इडली गेली.

चित्रपट बायकोने अर्धाच बघितला, मध्ये पाणी आलं म्हणून उठली. उरलेला रविवारी बघणार आहोत. तिला ती टॅक्सी चालवणारी बाई फार आवडली. रात्री एकटीला त्रास दिलेल्या पोरांची गोष्ट किती बेधडक सांगते, म्हणाली. ती पुढे परत येते का हो?

---

रानजाई

नाही काका, ती तेवढीच आहे. पण काकूंना सांगा, बस अजून यायचीय. शेवटी दोघं बसने जातात, मागे उघड्यावर उभे राहून. ते नक्की बघा.